एका अमिनो आम्लाचे अंतर
घटसर्पाचे विष, त्यातील उत्परिवर्तने आणि पेशीच्या आतील त्यांचा अंमल : एक आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

देवास जिल्ह्यातील टोंकखुर्द तहसिलीतल्या एखाद्या गावी, लसीकरणाच्या नेमलेल्या दिवशी दीड महिन्याचे मूल अंगणवाडीत आणले जाते, तेव्हा सरकारी वेळापत्रकाप्रमाणे त्याच्या डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट आणि उजव्या मांडीत न्यूमोकोकल अशा अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या दोन लसी टोचल्या जातात. आणि आईला किंवा टोचणाऱ्या एएनएमला त्याची कल्पना असो वा नसो, या दोन्ही सुयांतून एकाच जीवाणूचे एकच विष, दोन भिन्न रीतींनी निरुपद्रवी करून, त्या मुलाच्या अंगात जाते. हे विष घटसर्पाचे; माळव्यात ज्याला गलघोंटू म्हणतात त्याच रोगाचे. डाव्या मांडीत जाते ते फॉर्मॅलिनच्या प्रक्रियेने जखडून टाकलेले, म्हणजे ज्याला टॉक्सॉइड म्हणतात ते. उजव्या मांडीत जाते ते ‘सीआरएम १९७’ या नावाचे, ५३५ अमिनो आम्लांच्या मूळ साखळीतील अवघे एक आम्ल बदललेले प्रथिन, ज्याला न्यूमोकोकस जीवाणूच्या कवचातील शर्करा जोडलेल्या असतात.

एका आम्लाच्या अदलाबदलीने प्राणघातक विषाचे तान्ह्या मुलाला देण्याजोगे औषध व्हावे, ही गोष्ट गेली पन्नासहून अधिक वर्षे जीवशास्त्रज्ञांना विचार करावयास लावीत आली आहे. विषाच्या रचनेत कोणत्या ठिकाणी कोणता बदल झाला असता पेशीच्या आत त्याच्या कर्तबगारीवर कोणता परिणाम होतो, ‘निष्क्रिय’ हे विशेषण कोणत्या कसोटीवर लावावयाचे, आणि निसर्गात आपोआप घडणाऱ्या बदलांकडे कोणत्या दृष्टीने पाहावयाचे, या तीन प्रश्नांभोवती जे संशोधन आणि जे मतभेद जमा झाले आहेत, त्यांची यथाशक्ति नोंद घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका

घटसर्पाचा जीवाणू एडविन क्लेब्स याने १८८३ साली ओळखला आणि पुढल्याच वर्षी फ्रिडरिश लफलर याने त्याची स्वतंत्र वाढ करून दाखविली. जीवाणू घशाच्या पडद्यातच मुक्काम करून राहतात, पण विकार मात्र हृदयात, मूत्रपिंडात आणि मज्जातंतूंत दिसतो, ही विसंगती लफलरच्याच ध्यानात आली होती आणि त्यावरून जीवाणू एखादे विष सोडीत असावेत असा तर्क त्याने मांडला होता. १८८८ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी जीवाणू गाळून काढून टाकलेल्या द्रवानेही प्राणी मरतात हे सिद्ध केले, आणि तो तर्क सिद्धांताच्या पदवीस पोचला. दोन वर्षांनी बेरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविषाचा शोध जाहीर केला. त्या कार्यासाठी बेरिंगला १९०१ सालचे, म्हणजे वैद्यकशास्त्राचे पहिलेच, नोबेल पारितोषिक मिळाले. १९२३ साली गास्ताँ रामाँ याने फॉर्मॅलिन आणि ऊब यांच्या साहाय्याने विषाची मारकता घालवून त्याची प्रतिकारशक्ती उत्पन्न करण्याची पात्रता तेवढी शिल्लक ठेवण्याची युक्ती सिद्धीस नेली. आज भारतातील त्रिगुणी आणि पेंटाव्हॅलंट लसींत घटसर्पाचा जो अंश असतो तो याच युक्तीचा वारस होय.

विषाचा उगम कोठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र बरेच उशिरा आणि अनपेक्षित ठिकाणी मिळाले. १९५१ साली व्हिक्टर फ्रीमन याने असे दाखविले, की घटसर्पाचे निर्विष जीवाणू एका विशिष्ट जीवाणुभक्षी विषाणूने ग्रासले गेले म्हणजे विषारी होतात. विषाचे जनुक जीवाणूच्या स्वतःच्या मालकीचे नसून त्याच्यात वस्तीस आलेल्या विषाणूचे आहे, हे १९७१ साली त्सुयोशी उचिदा, मायकेल गिल आणि ॲल्विन पॅपेनहायमर यांनी निर्णायकपणे सिद्ध केले. त्यांची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी त्या विषाणूवर नायट्रोसोग्वानिडीन या उत्परिवर्तनकारी रसायनाचा प्रयोग केला आणि जी प्रथिने विषारी नव्हती, पण विषाविरुद्धच्या प्रतिद्रव्याला चिकटत होती, अशी निवडून काढली. सीआरएम या संक्षेपाचा अर्थ हाच, की प्रतिविषाशी जुळणारे द्रव्य. सीआरएम ३० व सीआरएम ४५ ही अपुरी राहिलेली प्रथिने होती व त्यांचे अंक त्यांच्या रेणुभाराचे, म्हणजे सुमारे तीस व पंचेचाळीस हजारांचे, निदर्शक होते; १७६, १९७ व २२८ ही पूर्ण लांबीची होती. विषाचे जनुक शोधण्यासाठी निर्माण केलेली ही उत्परिवर्तने पुढे त्या विषाच्या कार्यपद्धतीचा उलगडा करणारी साधनेच ठरली.

३. विषाचा पेशीतील प्रवास

उत्परिवर्तनांचा परिणाम समजून घ्यावयाचा तर विषाला पेशीत शिरून आपले काम बजावण्यासाठी किती नाकी ओलांडावी लागतात हे आधी पाहिले पाहिजे. या विषाचे दोन खंड आहेत. ‘अ’ खंड लहान, सुमारे २१ हजार रेणुभाराचा, आणि प्रत्यक्ष घात करणारा; ‘ब’ खंड मोठा, सुमारे ३७ हजारांचा, आणि त्याच्या दोन भागांपैकी एक ग्राहीला बिलगण्याचे तर दुसरा पडदा ओलांडून देण्याचे काम करणारा. सेनियन चो, डेव्हिड आयझेनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली या रेणूचे त्रिमित चित्र स्फटिकावरून उभे केले, तेव्हा ही तीन अंगे एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळी असल्याचे दिसून आले.

पहिले नाके ग्राहीचे. पेशीच्या पृष्ठावरील एका वाढकारक प्रथिनाचे पूर्वरूप हे या विषाचे ग्राही असल्याचे त्याच १९९२ साली उघड झाले. उंदराच्या व घुशीच्या पेशींत या ग्राहीची घडण थोडी वेगळी असल्यामुळे त्या जनावरांना हे विष सहसा बाधत नाही, गिनीपिगला मात्र सहज बाधते. दुसरे नाके अम्लाचे. ग्राहीला बिलगलेले विष पेशी आपल्याच पडद्याच्या पिशवीत घेते. फ्यूरिन नावाचे विकर दोन खंडांमधला दुवा कापते, पण एका गंधक-बंधाने ते जोडलेले राहतात. पिशवीतील आम्लता वाढली की ‘ब’ खंडाचा मधला भाग उलगडतो आणि पडद्यात घुसून ‘अ’ खंडाला पलीकडे पेशीरसात वाट करून देतो. तिसरे आणि शेवटचे नाके क्रियेचे. पेशीरसात आलेला ‘अ’ खंड एनएडी या सर्वत्र असणाऱ्या द्रव्याचा एक तुकडा, म्हणजे एडीपी-रायबोज, काढून प्रथिनांच्या बांधणीस अत्यावश्यक अशा ईएफ-२ या घटकावर चिकटवतो. चिकटण्याची जागाही नेमकी ठरलेली आहे: डिप्थामाइड हे नाव मिळालेले एक रूपांतरित हिस्टिडीन. तेथे ही भर पडली की ईएफ-२ निकामी होतो, रायबोसोमवरील प्रथिनांची बांधणी थांबते आणि पेशी मरते.

या साखळीचे दुवे एकामागून एक हाती आले. विषामुळे प्रथिनांची बांधणी थांबते हे १९५९ साली, त्याला एनएडी लागते हे १९६४ साली जॉन कॉलियर आणि पॅपेनहायमर यांच्या प्रयोगांत, आणि घाव ईएफ-२ वर एडीपी-रायबोजच्या रूपाने पडतो हे १९६८ साली होंजो, हायाइशी प्रभृती जपानी संशोधकांच्या कार्यातून निश्चित झाले. १९७८ साली यामाइझुमी, मेकादा, उचिदा आणि ओकादा यांनी तर ‘अ’ खंडाचा एकच रेणू पेशीरसात पोचला तरी ती पेशी मारण्यास पुरेसा होतो असा निष्कर्ष काढला.

४. उत्परिवर्तनांची वर्गवारी

तीन नाकी आहेत म्हणूनच उत्परिवर्तनांचेही तीन वर्ग पडतात, आणि केवळ ‘विषारीपणा कमी झाला’ एवढ्या शेऱ्याने कोणत्याही उत्परिवर्तनाची खरी कैफियत समजत नाही.

ग्राहीच्या नाक्यावर अडणाऱ्या वर्गात सीआरएम १०७ मोडते. त्यात ५२५ व्या जागी सेरीनऐवजी फेनिलअलॅनीन आल्याने विष पेशीला नीट बिलगतच नाही. ‘अ’ खंड मात्र शाबूत असतो. सीआरएम ४५ मध्ये ‘ब’ खंडाचा शेवटला भागच नसल्याने त्याचीही स्थिती तीच. अशा रेणूंना पत्ता नसतो, पण धार कायम असते. त्यांना दुसरा पत्ता जोडून दिला तर ते पुन्हा घातक होतात. ट्रान्सफेरिन हे प्रथिन जोडलेले सीआरएम १०७ मेंदूतील अर्बुदांवर वापरून पाहण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात झाले ते याच तत्त्वावर.

पडद्याच्या नाक्यावर अडणाऱ्या वर्गाचे उत्तम उदाहरण ३४९ व्या जागेवरील ग्लुटामिक आम्लाच्या ठिकाणी लायसीन आलेले रूप. मूळ आम्लावरील ऋण प्रभार पिशवीतील आम्लतेत नाहीसा होतो आणि त्यामुळे तो भाग पडद्याच्या स्निग्ध अंतरंगात शिरू शकतो. लायसीनवरील धन प्रभार मात्र तेथेही टिकून राहतो आणि प्रवेश नाकारला जातो. ग्राहीला बिलगणे शाबूत, ‘अ’ खंडाची क्रिया शाबूत, आणि तरीही पेशी जिवंत, असा विलक्षण प्रकार येथे घडतो.

क्रियेच्या नाक्यावरचा वर्ग सर्वांत अभ्यासिलेला. १४८ व्या जागेवर ग्लुटामिक आम्ल असते. त्याच्या जागी ॲस्पार्टिक आम्ल घातले, म्हणजे प्रभार तोच ठेवून शाखा केवळ एका कार्बनने आखूड केली, तरी क्रिया शंभरात एका भागापेक्षाही खाली उतरते. सीआरएम १७६ मध्ये १२८ व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल येते आणि क्रिया मंद होते, पण थांबत नाही. ही मधली पायरीच काही प्रयोगांत हवीशी ठरली, कारण उंदरांतील ठरावीक पेशी नष्ट करण्यासाठी ‘अ’ खंडाचे जनुक वापरताना मूळ रूपाचा थोडाही गळता अंमल नको त्या पेशींना मारीत असे. सीआरएम १९७ मध्ये ५२ व्या जागी ग्लायसीन जाऊन ग्लुटामिक आम्ल आले आहे, हे १९८४ साली जियान्निनी, रापुओली आणि रात्ती यांनी जनुकाच्या वाचनावरून दाखविले. १४८ व्या जागेवरचे ग्लुटामिक आम्ल काढले तर विष निकामी होते आणि ५२ व्या जागी तेच घातले तरीही निकामी होते. म्हणजे आम्ल कोणते यापेक्षा ते कोणत्या शेजारात आहे याला अधिक महत्त्व. सीआरएम १९७ ची स्फटिकरचना २०१२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा एकंदर ढाचा मूळ विषासारखाच, परंतु क्रियास्थानाजवळील एक वेटोळे सैल व अस्थिर झालेले आणि त्यामुळे एनएडीला तेथे नीट जागा मिळत नसलेली, असे आढळले.

५. पहिला मतभेद : रासायनिक निर्विषीकरण की जनुकीय

फॉर्मॅलिनची रीत आणि उत्परिवर्तनाची रीत यांत श्रेष्ठ कोणती, याविषयी दोन पक्ष आहेत, आणि दोहोंचे म्हणणे वजनदार आहे.

जनुकीय रीतीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे, की फॉर्मॅलिन विषाच्या ठरावीक अवयवावर वार करीत नाही. ते लायसीनसारख्या आम्लांमध्ये वाटेल तसे पूल बांधते, त्यामुळे प्रतिकारशक्तीने ओळखावयाच्या खुणाही झाकल्या जातात आणि एका खेपेचा माल दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाही. उत्परिवर्तनाने क्रियास्थान तेवढे मोडते, बाकी रूप अबाधित राहते. डांग्या खोकल्याच्या विषाच्या बाबतीत याला भरभक्कम पुरावा मिळाला. इटलीतील संशोधकांनी १९८९ साली त्या विषाच्या क्रियाशील घटकात ९ व्या व १२९ व्या अशा दोन जागी बदल करून त्याला निर्विष केले, आणि असे विष अल्प मात्रेतही जोरकस प्रतिद्रव्ये उत्पन्न करते असे पुढील चाचण्यांत दिसून आले. जनुकीय रीतीने निर्विष केलेल्या या विषावर आधारलेली लस थायलंडमध्ये २०१६ साली मंजूर झाली.

उलट पक्ष असे दाखवून देतो, की घटसर्पाच्या बाबतीत हाच न्याय सरळ लागू पडत नाही. फॉर्मॅलिन न लावलेले सीआरएम १९७ एकटे दिले असता घटसर्पाविरुद्ध अपेक्षेहून दुबळे ठरते. कारण त्याची घडण सैल असल्याने शरीरातील प्रथिनभंजक विकरे त्याचे लवकर तुकडे करतात, आणि ज्या फॉर्मॅलिनचे पूल दोषास्पद म्हटले तेच पूल त्याला टिकाऊपणा देतात. शिवाय टॉक्सॉइड स्वस्त आहे, त्याची तपासणी सर्वत्र ठरून गेलेली आहे, आणि कोट्यवधी मुलांवरचा त्याचा जवळजवळ शतकाचा दाखला आहे.

व्यवहारात या वादाचा फैसला एकतर्फी झालेला नाही. दोन्ही रीतींनी कामे वाटून घेतली आहेत. घटसर्पापासून संरक्षणासाठी टॉक्सॉइड, आणि शर्करांना वाहून नेण्यासाठी सीआरएम १९७. दोन वर्षांखालील बालकाचे शरीर नुसत्या शर्करेला नीट दाद देत नाही. तिला प्रथिनाची जोड दिली म्हणजे टी-पेशींचे साहाय्य मिळून स्मृती राखणारा प्रतिसाद उमटतो. अमेरिकेत २००० साली मंजूर झालेल्या सातगुणी लसीपासून ही योजना न्यूमोकोकल लसींत रूढ झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल ही दहागुणी लस २०१९ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वपात्रतेस उतरली. त्याच संस्थेच्या मेनफाइव्ह या लसीत पाचपैकी तीन शर्करांना सीआरएम १९७ आणि दोहोंना धनुर्वाताचे टॉक्सॉइड असा संमिश्र आधार दिलेला आहे, आणि ती २०२४ साली प्रथम नायजेरियात वापरण्यात आली. १९६६ साली घोड्यांच्या रक्तजलापासून धनुर्वाताचे प्रतिविष काढण्याच्या उद्योगाने आरंभ केलेल्या या संस्थेचे सीआरएम १९७ आज घटसर्पाच्या जीवाणूत वाढविले जात नाही. ते स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या निरुपद्रवी जीवाणूकडून जनुकतंत्राने तयार करून घेतले जाते. मध्य प्रदेशात न्यूमोकोकल लस २०१८ साली सरकारी कार्यक्रमात दाखल झाली, ती आज सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि नवव्या महिन्यात दिली जाते.

६. दुसरा मतभेद : ‘निष्क्रिय’ म्हणजे किती निष्क्रिय

येथे संख्येचा आधार घेणे इष्ट. मूळ विषाची माणसासाठी प्राणघातक मात्रा देहभाराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ०.१ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी मानतात. म्हणजे साडेचार किलोच्या दीड महिन्याच्या बालकाला अर्ध्या मायक्रोग्रॅमहूनही कमी. तेरागुणी न्यूमोकोकल लसीच्या एका मात्रेत सीआरएम १९७ असते सुमारे ३० ते ३५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मूळ विष असते तर प्राणघातक मात्रेच्या साठसत्तर पट. ते बालक मांडीला थोडी सूज आणि एखाद्या रात्रीचा ताप एवढ्यावर सुटते, ही एका ग्लायसीनच्या बदलाची कर्तबगारी; आणि दीर्घ वापरानंतर लसीच्या मात्रेत या प्रथिनाच्या सुरक्षिततेविषयी आज व्यावहारिक शंका राहिलेली नाही.

सैद्धांतिक प्रश्न मात्र वेगळा आहे. मेकादा यांच्या गटाने २००७ साली असे प्रसिद्ध केले, की सीआरएम १९७ मध्ये ईएफ-२ वर घाव घालण्याची अत्यंत क्षीण, परंतु शून्य नसलेली, शक्ती असते आणि काही पेशीवंशांत ती जाणवते. ज्या प्रयोगांत सीआरएम १९७ चा उपयोग केवळ ग्राही अडवून धरण्यासाठी केला जातो, तेथे ही उरलेली शक्ती निष्कर्ष गढूळ करू शकते; म्हणून त्यांनी ५२ च्या जोडीला १४८ व्या जागीही बदल केलेले रूप वापरले. एका पक्षाच्या मते यावरून ‘निर्विष’ हा शब्दच सोडून ‘अल्पविष’ म्हणावे. दुसऱ्याच्या मते अशी शक्ती पेशीत कृत्रिमपणे प्रथिनाचा सुळसुळाट केल्यावरच दिसते, मांडीच्या स्नायूत ती अर्थशून्य आहे. दोघांचीही विधाने आपापल्या मोजमापाच्या मर्यादेत खरी आहेत.

याला जोडूनच आणखी एक बाजू आहे: क्रिया पूर्ण बंद केली तरी विषाचे इतर व्यवहार चालूच राहतात. ई. कोलाय जीवाणूच्या उष्णतेने नष्ट होणाऱ्या विषात ६३ व्या जागी लायसीन घालून त्याची विकरक्रिया पूर्णपणे थांबविलेली होती. तरीही ते नाकावाटे दिलेल्या स्वयंसेवकांपैकी दोघांना चेहऱ्याच्या मज्जातंतूचा तात्पुरता लकवा झाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. हे विष मज्जापेशींच्या पृष्ठभागाला बिलगण्याची शक्ती राखून होते, आणि संशय त्या बिलगण्यावरच गेला. स्नायूत टोचण्याच्या लसीचा अनुभव नाकावाटे देण्याच्या लसीला आपोआप लागू होत नाही, एवढा धडा त्यातून निश्चित मिळाला.

७. तिसरा मतभेद : पडदा ओलांडतो कोण

‘अ’ खंड पिशवीतून पेशीरसात जातो तो स्वतःच्या बळावर की पेशीच्या मदतीने? कॉलियर आणि ॲलन फिंकलस्टाइन यांच्या गटांनी १९९९ साली नुसत्या कृत्रिम स्निग्ध पडद्यावर, पेशीचा एकही घटक नसताना, विषाचा मधला भाग ‘अ’ खंडाला पार नेतो असे दाखविले. जॉन मर्फी यांच्या गटाने २००३ पासून उलट साक्ष पुढे आणली: प्रत्यक्ष पेशीत एचएसपी-९०, थायोरेडॉक्सिन रिडक्टेज आणि वाहतुकीशी संबंधित कोप-१ या प्रथिनसमूहाचे साहाय्य लागते, आणि विषातील त्यांच्याशी जुळणारा लायसीनयुक्त भाग बदलला तर प्रवेश मंदावतो. आज अनेकांचा कल असा, की वाट विष स्वतः पाडते, परंतु पलीकडे गेलेल्या उलगडलेल्या खंडाला पुन्हा घडी घालून कार्यक्षम करण्याच्या कामी पेशी, आपलाच घात होत असता, मदत करीत असावी. मात्र त्या मदतीतील अपरिहार्य भाग किती आणि केवळ वेग वाढविणारा भाग किती, याची विभागणी पक्की झालेली नाही.

मरण नेमके कशाने येते यावरही एके काळी वाद होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस विषात डीएनए तोडण्याचीही शक्ती असल्याचा दावा पुढे आला आणि १९९० साली त्यावर आक्षेप घेतले गेले. पुढे डिप्थामाइड बनविणारी जनुकेच काढून टाकलेल्या मानवी पेशी या विषाला दाद देत नाहीत असे दिसून आले, तेव्हा घाताचा राजमार्ग ईएफ-२ मधूनच जातो हे मत दृढ झाले.

८. निसर्गातील बदल आणि पेशीच्या बाजूचे बदल

आतापर्यंत सांगितलेली उत्परिवर्तने बहुतेक प्रयोगशाळेत घडविलेली; निसर्गातही ती घडतात. भारतात घटसर्प संपलेला नाही. २०१८ साली देशातून जागतिक आरोग्य संघटनेकडे ८,७८८ रुग्णांची नोंद गेली. २०२१ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १६ देश व प्रदेशांतील, १२२ वर्षांच्या कालखंडातील ५०२ जीवाणूंचे जनुकसंच तपासले गेले. त्यांपैकी २९१ विषजनुकयुक्त नमुन्यांत त्या जनुकाची १८ भिन्न रूपे आढळली, आणि काहींचा विषाच्या रचनेवर मध्यम ते बराच परिणाम होत असावा असे अनुमान गणिताने काढण्यात आले. गणिती अनुमान आणि पेशीतील प्रत्यक्ष अंमल यांत अंतर असते. प्रत्येक रूप ग्राहीला किती बिलगते, पडदा किती ओलांडते आणि मानवी प्रतिद्रव्ये त्याला किती अडवितात, याचे मोजमाप अपुरे आहे. याखेरीज, विषाचे जनुक आहे पण एखाद्या अक्षराच्या कमीजास्तीने वाचन बंद पडलेले आहे, असेही जीवाणू आढळतात. ते आज निर्विष असले तरी एखाद्या उलट बदलाने पुन्हा विषारी होऊ शकतील काय, हा प्रश्न रोगनिदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

उत्परिवर्तन केवळ विषातच होते असे नाही, विषाच्या भक्ष्यातही होते. घटसर्पाच्या विषाचा ग्राहीला बिलगणारा भाग काढून तेथे रक्तपेशींना ओळखणारे प्रथिन जोडलेली औषधे कर्करोगावर वापरली जातात. इंटरल्युकिन-२ जोडलेले डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्स अमेरिकेत १९९९ साली आणि इंटरल्युकिन-३ जोडलेले टॅग्राक्सोफस्प २०१८ साली मंजूर झाले. या दुसऱ्या औषधाला जुमानेनाशा झालेल्या कर्कपेशींत ग्राही तसेच राहून डिप्थामाइड बनविणारे डीपीएच-१ हे जनुक मुके झाल्याचे २०१९ साली दिसून आले. विषाने कोणत्या नाक्यावर अडावे हे विष जसे ठरविते तसेच पेशीही ठरवू शकते, याचा हा दाखला.

९. काय ठरले आणि काय उरले

ठरलेल्या गोष्टी मोजक्या, परंतु भक्कम आहेत. विषाची तीन अंगे आणि तीन टप्पे आज निर्विवाद आहेत. ५२, १२८, १४८, ३४९ आणि ५२५ या जागांवरील बदलांचे परिणाम वारंवार पडताळले गेले आहेत. आणि सीआरएम १९७ चा वाहक म्हणून उपयोग अनुभवाने शाबीत झाला आहे.

उरलेल्या गोष्टींत पहिली, उत्परिवर्तनाने आलेल्या ढिलेपणावर दुसऱ्या उत्परिवर्तनाने इलाज करून फॉर्मॅलिनशिवाय टिकणारे घटसर्पाचे प्रतिजन तयार होईल काय ही होय. दुसरी, एकाच बालकाला अनेक लसींतून तेच वाहक प्रथिन वारंवार मिळाले असता एका लसीची प्रतिक्रिया दुसरीला बळ देते की दाबते याची; यावर दोन्ही बाजूंचे निरीक्षण उपलब्ध आहे आणि मात्रा, अंतर व लसींची जोडणी यांप्रमाणे उत्तर बदलते. तिसरी, भारतातील प्रचलित विषरूपांची पेशींवरील प्रत्यक्ष चाचणी. चौथी, पडदा ओलांडण्यातील पेशीच्या साहाय्याचे मोजमाप.

या चारही प्रश्नांचा मार्ग एकाच ठिकाणाहून जातो. आतापर्यंत उत्परिवर्तनाची किंमत बहुधा एका आकड्यात, म्हणजे विष किती पटीने सौम्य झाले यात, सांगितली गेली. आणि मतभेद बऱ्याच अंशी त्यामुळे वाढले, कारण एक पक्ष परीक्षानळीतील क्रियेचा आकडा घेऊन बोलत होता, दुसरा पेशीच्या मरणाचा, आणि तिसरा बालकाच्या रक्तातील प्रतिद्रव्यांचा. यापुढे कोणत्याही नव्या रूपाची नोंद करताना ग्राहीला बिलगणे, पडदा ओलांडणे, ईएफ-२ वरील क्रिया आणि शरीरातील टिकाऊपणा अशा चार रकान्यांत तिची स्वतंत्र मोजदाद झाली, तर एका पक्षाचा पुरावा दुसऱ्याला सरळ तपासता येईल. आणि तशी नोंद सर्वप्रथम व्हावयास हवी ती आज भारतीय रुग्णांच्या घशातून मिळणाऱ्या विषरूपांची, कारण देशभरच्या अंगणवाड्यांतून दिल्या जाणाऱ्या टॉक्सॉइडला तोंड द्यावयाचे आहे ते त्यांनाच.